जर्कीला मसाला कोणता लावू? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलांना हायकिंगला बीफ जर्की, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, लागते, दुकानातली पाकिटं महाग पडतात आणि मेली गोडमिट्ट असतात, म्हणून डीहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं यंत्र) घेतला. दही, आलं-लसूण पेस्ट, सासूबाईंनी पाठवलेला कांदा लसूण मसाला आणि थोडं तेल असं तंदुरीसारखं लावून केली. पहिले काही दिवस बरी लागली पण खारट झाली होती, आणि तीन आठवड्यांत खवट वास यायला लागला. कुठला मसाला वापरू?

उत्तर : मसाला सासूबाईंचा झकासच असणार, तो रश्श्यात घाला. जर्कीत नको. कांदा लसूण मसाल्यात खोबरं, तीळ आणि तेल असतं, गोड्या मसाल्यातही खोबरं नि तीळ. मांसातलं पाणी उडून जातं पण तेल कुठे जाणार, ते तिथेच बसतं आणि खवट होतं. म्हणून तर जर्कीला चरबी नसलेला तुकडा घ्यायचा, आय ऑफ राउंड किंवा टॉप राउंड (मागच्या मांडीचे तुकडे), आणि दिसेल ती पांढरी चरबी काढून टाकायची. एवढं करून वरून चमचाभर तेल ओतलं तर काय उपयोग? दहीही नको, त्याचा थर वाळून पापुद्रे धरतो. आलं-लसूण ओलं नको, पावडर घ्या. तिखटाला साधी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड, नुसती पूड, तेलात परतलेली नाही.

खारटपणाचं म्हणाल तर कच्च्या मॅरिनेडची (मांस मुरवायच्या मिश्रणाची) चव बघून मीठ ठरवू नका. वाळल्यावर मांसाचं वजन साधारण एक तृतीयांशावर येतं, मीठ मात्र तेवढंच राहतं. एक किलो मांसाला अर्धा कप सोया सॉस घेतलात तर त्यातच जवळपास 18 ग्रॅम मीठ आलं, वेगळं मीठ टाकायचंच नाही. त्यात 2 टेबलस्पून वूस्टरशायर सॉस, 1 टेबलस्पून ब्राउन शुगर (मध घातलात तर पट्ट्या चिकट राहतात), 2 टीस्पून भरड मिरी, लसूण नि कांद्याची पावडर एकेक टीस्पून. धुराचा वास आवडत असेल तर लिक्विड स्मोक अर्धा टीस्पून, त्याच्या वर गेलात तर औषधासारखं लागतं.

आता आपल्या जिभेचं काय, तर माझं मत विचाराल तर धणे. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग म्हणून जे सुकं मांस करतात त्यात व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजलेले धणे एवढंच मुख्य असतं, आणि ते आपल्याला खाताना परकं वाटतच नाही. धणे कोरडेच भाजा, रंग बदलून वास सुटला की खलबत्त्यात फक्त फोडा, पूड करू नका. ट्रेवर पट्ट्या मांडल्या की त्या ओल्या असतानाच हे धणे नि मिरी वरून भुरभुरवा, चिकटून बसतात आणि चावताना दाताखाली येतात. पूड मॅरिनेडमध्ये टाकली तर निम्मी भांड्याच्या तळाशीच राहते. आंबटाला व्हिनेगर किंवा कोकमाचं आगळ, पण आगळ खारट असतं, तेवढा सोया सॉस कमी करा.

कापताना मांस तासभर फ्रीझरमध्ये टाका, अर्धवट गोठलं की सुरी सरळ चालते. 6 मिलिमीटरपेक्षा जाड नको. धाग्याच्या आडवं कापलंत तर मऊ, धाग्यासोबत कापलंत तर चिवट, मुलांना आडवंच द्या. मॅरिनेशन रात्रभर, फ्रीजमध्येच. आणि एक गोष्ट मसाल्याच्या नादात विसरू नका, वाळवायच्या आधी मांस आतून 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं, पट्ट्या मॅरिनेडमध्येच उकळून घेतल्या तरी चालतं, मग डीहायड्रेटर 60 अंशांवर. अमेरिकेचं कृषी खातंही हेच सांगतं, कारण आधी वाळलं की जंतू उष्णतेला दाद देत नाहीत. मिरची, व्हिनेगर, सोया सॉस कितीही घाला, ही पायरी चुकवता येत नाही.

प्रश्न : पुण्यात चिकनची जर्की करायची आहे. आमच्याकडे पूर्वी चान्या (मांसाच्या पट्ट्या) उन्हात वाळवायचे, तसं गच्चीवर चालेल का? आणि मऊ व्हायला कच्ची पपई लावू का?

उत्तर : गच्चीवर नको, चिकन तर नकोच. चान्या कडक कोरड्या उन्हात, भरपूर मीठ लावून वाळवायचे, आणि खाताना त्या परत भाजायच्या नाहीतर रश्श्यात शिजवायच्या. जर्की आपण कोरडीच तोंडात टाकतो, मध्ये चूल येतच नाही. चिकन आधी 74 अंशांपर्यंत शिजवून घ्या, मग ओव्हनमध्ये वाळवा, पण काटा 60 अंशांवर स्थिर राहतो का ते थर्मामीटर ठेवून बघून घ्या. पपई नको, इतक्या पातळ पट्टीचा रात्रीत लगदा होतो. अननसाचा रसही तसाच. चिकनला मिरी, लिंबू, लसूण पावडर आणि हिरव्या मिरचीचं पाणी गाळून घाला, छान लागतं. पट्टी वाकवल्यावर तडा गेला पाहिजे पण तुकडा पडता कामा नये, तशी झाली की काढा. हवाबंद डब्यात महिनाभर, पावसाळ्यात सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

प्रश्न : रेसिपीत पिंक सॉल्ट लिहिलंय, म्हणजे आपलं सैंधवच ना?

उत्तर : नाही हो! थांबा. ते क्युरिंग सॉल्ट, म्हणजे मांस टिकवायचं मीठ, त्यात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं, साध्या मिठात गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं. सैंधवाच्या अंदाजाने घातलंत तर विषबाधा होईल. क्युरिंग सॉल्ट वापरायचंच असेल तर किलोला साधारण 2.5 ग्रॅम, तेही डिजिटल काट्यावर तोलून, चमच्याने नाही. आणि उलट, तिथे सैंधव घातलंत तर नायट्राइटचं काम होणार नाही, नुसता खारटपणा. पाकिटावर मराठीत मोठ्ठं नाव लिहा आणि मिठाच्या फडताळात ठेवूच नका.