एमएस्सी केमिस्ट्री: पहिल्या सेमिस्टरला एवढं सांभाळ

अभिनंदन! बीएस्सीला टक्के बरे होते आणि आता वर्गात काहीच कळत नाही, असं वाटतंय ना? क्वांटम आणि ग्रुप थिअरी पहिल्यांदा सगळ्यांच्याच अंगावर येतात. ग्रुप थिअरी म्हणजे रेणूच्या सममितीचं गणित: रेणूचं मॉडेल हातात घे, अमोनिया १२० अंशांनी फिरवून बघ, तो होता तसाच दिसतो. सममितीचे तक्ते नंतर.

आत्ता फक्त हे कर:

- मेकॅनिझम (अभिक्रिया पायरीपायरीने कशी होते ते) पाठ करू नकोस. कोऱ्या कागदावर इलेक्ट्रॉन कुठे जातात ते दाखवणारे बाण काढ. बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथूनच निघतो. पुष्कळ जण इथेच उलटा काढतात.
- प्रॅक्टिकलची नोंद जागच्या जागी, रंग-वासासकट. जर्नल शेवटच्या आठवड्यात उतरवून काढणारे तोंडी परीक्षेत हमखास सापडतात.
- टीएलसी (मिश्रणातले घटक पातळ थरावर वेगळे करायची पद्धत) करताना प्लेटवर नमुन्याची रेघ पेन्सिलनेच. पेनची शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते आणि नसलेले ठिपके दिसतात. सॉल्व्हंट रेघेच्या खालीच हवा, नाहीतर नमुना त्यातच विरघळून जातो.
- एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखायच्या स्पेक्ट्रममध्ये) ७.२६ पीपीएमला शिखर दिसलं की लगेच बेंझीन रिंग म्हणू नकोस, आधी सॉल्व्हंट बघ. ते बहुधा क्लोरोफॉर्म असतं.

स्पेशलायझेशन मित्रांकडे बघून ठरवू नकोस. फार्मात नोकऱ्या आहेत म्हणून ऑरगॅनिकला झुंबड असते. गणित आवडत असेल तर फिजिकलचा विचार जरूर कर.

नेट-गेटचे क्लास आत्ताच लावायची घाई नको. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र अधूनमधून चाळ. प्रोजेक्टचं, स्पेक्ट्रोस्कोपीच्या खोलातलं पुढच्या वर्षी विचार, तेव्हा सविस्तर सांगेन.

आणि हो, गॉगल कपाळावर नाही, डोळ्यांवर.