वाचक विचारतात : दहा लाख बिलं आणायची कुठून?

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात विडी घरकुल भागात राहतो. मी आणि माझा मित्र चादर-टॉवेलच्या कारखानदारांसाठी बिलिंग आणि उधारीचं सॉफ्टवेअर करतो. आजवर डेमोला हाताने भरलेली चाळीस-पन्नास बिलं दाखवायचो. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखानदारांनी अट घातली आहे, की दहा लाख बिलं भरून चालवून दाखवा. आमच्या एका जुन्या ग्राहकाचा पूर्ण बॅकअप आमच्याकडे आहे. त्यातली नावं बदलून तोच वीस वेळा कॉपी केला तर चालेल का? नाहीतर एवढा डेटा तयार कसा करायचा?

उत्तर : नाही चालणार. बॅकअपला हात लावू नका. मी हे एवढं ठामपणे का म्हणते, ते आधी सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत टेस्टिंगचं काम बघत होते. नवी पेठेत एका व्यापाऱ्यांकडे डेमो होता. आम्हीही हेच केलं होतं : खरा डेटा, नावांच्या जागी ‘ग्राहक १’, ‘ग्राहक २’. मालकांनी स्क्रीनवर दोन मिनिटं नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘हा अमक्याचा हिशोब आहे की. नुसत्या डबलबेडच्या चादरी, त्याही मोरपंखी, आणि महिनाअखेरीला कलबुर्गीला गठ्ठे. दुसरं कोण पाठवतं असं? आणि साडेचार लाख अडकलेत होय त्यांचे!’’ दुसऱ्या दिवशी मी त्या ग्राहकाच्या पेढीवर जाऊन झालेलं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आपल्या गावात नाव पुसलं म्हणून माणूस ओळखू येत नाही असं होत नाही. कोणता माल, कुठे जातो, किती दिवसांनी पैसे येतात, एवढ्यावर चाटी गल्लीतला कोणीही मालक ओळखेल. शिवाय २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. माणसाने ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, हा त्याचा गाभा. तुमच्या ग्राहकाने बॅकअप दिला तो सॉफ्टवेअर सांभाळायला, दुसऱ्याला दाखवायला नव्हे. आणि वीस वेळा कॉपी केल्याने परीक्षाही होत नाही : ग्राहक तेवढेच, रकमा त्याच, बिल नंबर मात्र वीस-वीस वेळा.

तेव्हा डेटा तयारच करायचा, पण आधी एखाद्या जाणत्या दिवाणजींपाशी दोन दिवस वही घेऊन बसा. आकडे विचारू नका, रीत विचारा. चादरीची मागणी कोणत्या महिन्यात चढते? एका बिलात सरासरी किती ओळी? रिटर्न माल किती दिवसांनी येतो? ट्रान्सपोर्टचं भाडं कोण भरतं? उधारीचे पैसे एकरकमी येतात की तुकड्यांत? (जवळजवळ नेहमी तुकड्यांत, आणि नवशिके नेमकं हेच विसरतात.) या रीतींचे नियम करा आणि नियमांवरून बिलं पाडा.

यंत्राचा भाग त्यामानाने सोपा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर ‘जनरेट सिरीज’ फंक्शनला १ ते १० लाख सांगितलं की तेवढ्या ओळी उभ्या राहतात. बिलात सरासरी ५ ओळी धरल्या तर ५० लाख ओळी; ओळीला १०० बाइट धरले तर साधारण अर्धा जीबी, इंडेक्स (शोध झटकन लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) वेगळे. साध्या लॅपटॉपवर होतं. एकेक इन्सर्ट करू नका, फाइल तयार करून डेटाबेसच्या ‘कॉपी’ आज्ञेने एकदम भरा, इंडेक्स नंतर बांधा आणि शेवटी ‘अ‍ॅनलाइझ’ चालवा, म्हणजे डेटाबेसला नव्या डेटाचा अंदाज येतो. रँडमचा सीड, म्हणजे आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, ठरलेला ठेवा, म्हणजे चूक सापडली की तोच डेटा पुन्हा पाडता येतो.

खरी मेख वाटपात आहे. २,००० ग्राहकांत १० लाख बिलं सरळ रँडमने वाटली तर प्रत्येकाला ५००च्या आसपास येतात. असा बाजार कुठे असतो? ग्राहक निवडताना ० ते १ मधल्या रँडम आकड्याचा वर्ग करा (त्याला त्यानेच गुणा), मग २,०००ने गुणा. आता पहिल्या २०० ग्राहकांकडे सुमारे ३२ टक्के बिलं जातात आणि पहिल्या एकट्याच्या नावावर २२ हजारांवर. एवढं मोठं खातं प्रत्यक्षात क्वचितच असेल, पण तेच उघडून बघा. तुमचा उधारीचा स्क्रीन अडकणार असेल तर तिथे अडकेल, आणि तो कारखानदारांसमोर अडकण्यापेक्षा घरी अडकलेला बरा.

नावांसाठी बाहेरच्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे खोटी नावं पाडून देणाऱ्या तयार कोडवर, विसंबू नका. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सगळी नावं एका खतावणीत नांदतात. अंबादास, नरसय्या, इरण्णा, मल्लिनाथ, रफिक हे त्या यादीत हवेतच. नावांची आणि आडनावांची जोडी भाषेनुसार लावा, नाहीतर पहिल्याच पानावर मालक हसतील आणि पुढचं काही पाहणार नाहीत. सिद्धेश्वराच्या नावाची दुकानं मुद्दाम भरपूर ठेवा. ऑपरेटरने ‘सिद्धेश्वर’ टाइप केल्यावर योग्य दुकान किती झटकन सापडतं ते कळायला हवं. एक ‘वऱ्हाडे’ही ठेवा. हे आडनाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. दिसायला सारखं, पण सर्चला वेगळं. ते दोन्ही तऱ्हांनी भरा. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलाही, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट लागतात, तेव्हा कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली असेल तर लांबलचक नाव मधेच तुटतं, तेही तपासून घ्या.

जीएसटीत हलगर्जी नको. महाराष्ट्रातला ग्राहक असेल तर जीएसटी क्रमांक २७ने सुरू होतो आणि कर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असा विभागतो. कलबुर्गीचा २९, हैदराबादचा ३६, तिथे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी. कलबुर्गीच्या बिलावर एसजीएसटी दिसला की अकाउंटंट तिथेच मान हलवतात. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले, म्हणून त्याच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही बाजूंची बिलं पाडा. ऑगस्टच्या बिलावरचा माल ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते का, हे जरूर दाखवा. मला विचाराल तर डेमोत हीच एक गोष्ट सॉफ्टवेअर विकून जाईल.

पण तयार केलेला क्रमांक एखाद्या खऱ्या दुकानाचा निघायला नको. क्रमांकाच्या १५ जागांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं : व्यक्तीला ‘पी’, कंपनीला ‘सी’, भागीदारी फर्मला ‘एफ’. तिथे ‘एक्स’ घाला. असा प्रकारच नाही, त्यामुळे तो कोणाचाच नसतो, आणि शेवटचं तपासणी अक्षर मात्र हिशोबाने बरोबर काढता येतं. मोबाइलला अशी पळवाट नाही : ६ ते ९ने सुरू होणारा दहा आकडी नंबर कोणाचा तरी असूच शकतो. आमच्या एका टेस्टचे ‘थकबाकी भरा’ असे मेसेज रात्री अकरा वाजता एका अनोळखी बाईंना गेले होते. बाई घाबरून गेल्या होत्या. डेमोच्या सर्व्हरवर एसएमएसची जोडणीच ठेवू नका. ईमेलला ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ वापरा. ते नाव १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. आणि छापल्या जाणाऱ्या प्रत्येक बिलावर आडवं ‘नमुना’ हवंच. खोट्या बिलांचा गैरवापर करणारे लोक असतात; तुमचा कागद त्यांच्या हाती पडता कामा नये.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, जुळे सोलापूर. प्रोजेक्टसाठी एआयकडूनच लाखभर ओळी लिहून घेतल्या तर?

उत्तर : ओळी नको, स्क्रिप्ट लिहून घे. नावांच्या याद्या, नियमांचा कच्चा खर्डा यासाठी एआय उपयोगी आहे. लाखभर ओळी एकेक करून लिहायला लावल्या तर तीच नावं फिरून येतात आणि बेरजा चुकतात. फक्त वेगच मोजायचा असेल तर टीपीसी-एच हा डेटाबेसचा वेग मोजण्यासाठीचा तयार संच आहे. त्याच्या १ जीबीच्या मापात सगळ्यात मोठ्या तक्त्यात सुमारे ६० लाख ओळी असतात. स्क्रिप्ट चालवून झाली की दोन बेरजा घे : प्रत्येक बिलाच्या ओळींची बेरीज अधिक जीएसटी, म्हणजे बिलाची रक्कम येते का, आणि सगळी बिलं वजा जमा वजा रिटर्न, म्हणजे येणं बाकी जुळते का. एक रुपयाचाही फरक आला तर राऊंड ऑफ कुठे केलाय ते आधी शोध, मग पुढचं.