पोरं मैदान का सोडतात?

पत्र: कॉलेजच्या टीममध्ये स्टॉपर खेळायचो. मग मराठा लाइट इन्फंट्रीत 17 वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात रोज पहाटे पोरांना फुटबॉल शिकवतो. आधी 35 यायची, आता 9 उरलीत. बायको म्हणते, पोरं तुम्हाला भितात. गावासाठी काहीतरी करायचंय, पण आता मनच लागत नाही.

उत्तर: दादा, वहिनी बरोबर बोलतायत. पहाटेच्या फेऱ्या, रांगा, उशीर झाला की शिक्षेच्या बैठका हे पलटणीत चालतं. तिथला जवान भरती होऊन आलेला असतो. दहा वर्षांचं पोर चेंडूसाठी येतं. 2 चेंडू आणि 35 पोरं असली, तर रांगेत तासाभरात प्रत्येकाच्या पायाला चेंडू दहा-बारा वेळाच लागतो. मग ते घरीच राहतं.

म्हणून पहिला खर्च चेंडूंवर करा. दोघांत एक तरी हवाच. आठ वर्षांखाली 3 नंबरच्या आकाराचा चेंडू, आठ ते बारा 4 नंबर, त्यापुढे 5 नंबर. लहानांना 5 नंबर दिला की ती पायाच्या आतल्या बाजूनं पास द्यायचं सोडून बोटांनी ढकलतात आणि ती खोड पुढे मोडायला जड जाते. वेळ संध्याकाळची ठेवा. दहा मिनिटं प्रत्येकाच्या पायात चेंडू, वीस मिनिटं जोडीनं पासिंग, उरलेला वेळ मॅच. मॅच अकरा-अकराची नको. 30 बाय 20 पावलांत चार-चार जण, गोलकीपरशिवाय. गोलला विटा लावू नका, गुडघे फुटतात, चपला पुरतात. बारा वर्षांखालच्यांना हेडिंगचा सराव देऊ नका. मॅच सुरू असताना शिट्टी फक्त फाऊलला. चूक सांगायची तर पाणी प्यायला थांबतात तेव्हा, त्या पोराला बाजूला घेऊन.

तुमच्या शिस्तीची खरी गरज भरतीच्या पोरांना आहे. त्यांची बॅच वेगळी करा, पहाट त्यांना द्या. अग्निवीरला आधी ऑनलाइन लेखी, नंतर 1.6 किलोमीटरची धाव. पोरं मात्र नुसती धावत बसतात. आधार आणि दहावीच्या मार्कलिस्टवर नाव-जन्मतारीख एकच आहे का, हे आजच तपासायला लावा. ऐनवेळी तिथंच अडतं.

मन न लागण्याचं म्हणाल, तर इतकी वर्षं चोवीस तास सोबत असलेली माणसं एकदम सुटली की असं होतं. तालुक्यातल्या माजी सैनिकांना शोधा, त्यातला एखादा मैदानावर मदतीला घ्या. झोप लागत नसेल, घरातही राग आवरत नसेल, तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये स्पष्ट सांगा. तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. गुडघा दाखवतो तसंच हे दाखवायचं.

गेलेल्या 26 जणांच्या घरी मात्र स्वतः जा, वहिनींना घेऊन. आयांशी त्या बोलतील, मुलींनाही बोलावतील. पोरांना एवढंच सांगा, की रविवारी नुसत्या मॅचेस आहेत, फेऱ्या नाहीत.