मार्कर सापडेल गं, पण मांस मोजणार कोण?

तुझं पत्र वाचलं. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहेस, बीफ जनावरांच्या पैदाशीत मांसाच्या क्वालिटीचे जेनेटिक मार्कर (म्हणजे डीएनएमधल्या, त्या गुणाचा अंदाज देणाऱ्या खुणा) शोधायचेत, आणि शेवटी हळूच विचारलंयस की हे सगळं लॅबमध्ये बसूनच असतं ना, मांसाला हात नाही ना लावावा लागत? खरं सांगू, अख्ख्या पत्रात हाच प्रश्न कामाचा आहे.

बघ, वजन जिवंतपणी करता येतं, मार्बलिंगचा, म्हणजे मांसात विखुरलेल्या चरबीचा अंदाज अल्ट्रासाउंडवर येतो, पण मांस मऊ निघणार की चिवट हे कापल्याशिवाय कळत नाही, म्हणजे एखादा वळू चांगला की नाही हे ठरवायला त्याच्या पोरांची कत्तल होईपर्यंत थांबा, वर्षं जातात त्यात. म्हणून केसाच्या मुळातून डीएनए काढून आधीच अंदाज बांधायचा. कत्तलीनंतर कॅल्पेन नावाचं एन्झाइम स्नायूंचे तंतू तोडून मांस मऊ करतं आणि कॅल्पास्टॅटिन त्याला लगाम घालतं, या दोघांचे जीन (गाईच्या २९ आणि ७ नंबरच्या क्रोमोसोमवरचे) तू पत्रात लिहिलेसच. पण कॅल्पेनचा एक गाजलेला मार्कर वशिंडवाल्या जातींमध्ये फारसा उपयोगी पडला नाही, कारण त्यातलं चांगलं रूप तिथे जवळपास नसतंच!

आणि एकेक जीन पकडायचे दिवस तसेही मागे पडले. २००१ मध्ये जीनोमिक सिलेक्शनची, म्हणजे सगळ्या डीएनएवरचे मार्कर एकत्र धरून जनावर निवडायची कल्पना मांडली गेली, २००९ मध्ये गाईचा जीनोम छापून आला (डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईचा), आता डीएनए चिपवर पन्नासेक हजार मार्कर एकदम वाचतात आणि सगळ्यांचा थोडाथोडा परिणाम मिळून हिशोब करतात. म्हणजे तुला पिपेटपेक्षा स्टॅटिस्टिक्स जास्त लागणार, क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्स (मोजता येणाऱ्या गुणांच्या आनुवंशिकतेचं गणित) आणि आर (R) ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रामिंग भाषा आतापासूनच धर.

पण या हिशोबाला खाद्य लागतं ते मोजमापाचं. स्टेक ठरावीक तापमानाला शिजवायचा, गार करायचा, तंतूंच्या दिशेने १.२७ सेंटिमीटर जाडीच्या गोल कांड्या काढायच्या आणि मशीनचं पातं आडवं दाबून कापायला किती जोर (शिअर फोर्स) लागला ते लिहायचं. एका स्टेकच्या अशा अनेक कांड्या, आणि जनावरं हजारो. चिप पैसे टाकले की मिळते, हे आकडे तसे नाही मिळत. त्यामुळे कॉम्प्युटरवर बसून करिअर होईल, नक्की होईल, पण निदान एक सीझन मीट लॅबमध्ये उभी राहा, नाहीतर आकडा विचित्र आला की जनावर वेगळं होतं का स्टेक जास्त शिजला होता हे तुला कधीच कळायचं नाही.

एमएस्सीला गाइड निवडताना सीक्वेन्सर (डीएनए वाचायचं मशीन) कोणता आहे ते विचारू नकोस, किती जनावरांचा शिअर फोर्स मोजलेला आहे ते विचार. आणि एकदा जाऊन आल्यावर वाटलं की नाही बाबा, आपल्याच्याने हे होणार नाही, तर लाजू नकोस, दुधाच्या जनावरांकडे वळ, तिथे गणित तेच आहे आणि मोजायला काही कापावं लागत नाही.