सायकलवाट : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ४६. रविवारी सोलापूर रस्त्याला शंभर किलोमीटर सहज होतात. डिसेंबरात दापोली ते रत्नागिरी किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांनी जायचं आहे, हायवे नको. नकाशावर १४० किलोमीटरच्या आसपास दिसतं. दोन दिवस पुरतील ना? (एक वाचक, पुणे)

तीन दिवस ठेवा. अंतर तुम्ही बरोबर मोजलंत, पण आमच्याकडे किलोमीटरवर हिशेब बसत नाही. इथे खाड्या आणि घाट्या मोजतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३२ वर्षं शिकवलं. बदल्या झाल्या त्या दापोली, गुहागर आणि राजापूर तालुक्यांत, आणि यातली बरीच वर्षं शाळेत सायकलवर गेले. म्हणून हे रस्ते मला पायांनी पाठ आहेत.

आपला किनारा सपाट नाही. वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळाचं पठार, खाली खाडी किंवा वाळूची पुळण, आणि गाव नेहमी खाली. दापोली सुमारे २४० मीटर उंचीवर. तिथून लाडघरला उतरलात की समुद्र. मग बुरोंडीला चढायचं, कोळथऱ्याला उतरायचं, पुन्हा चढून पंचनदीवरून दाभोळला खाली. पुढे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, प्रत्येक ठिकाणी हेच. एकेक घाटी शंभर-दीडशे मीटरचीच, पण उभी. मोठे घाट आखणी करून, वळणं देऊन काढलेले असतात. गावातली घाटी मात्र जुन्या बैलगाडीच्या किंवा पायवाटेच्या मागावर डांबर टाकून झालेली असते, त्यामुळे एखादं वळण एकदम छातीवर येतं. पुढच्या छोट्या चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही ३४ असतील तर तुम्ही चढाल. मागे २८ असतील तर जाण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या.

पहिला मुक्काम गुहागरला करा. सकाळी लवकर निघा, कारण तेव्हा मतलई वारा जमिनीकडून येतो आणि हवा थंड असते. दुपारी खारा वारा सुटतो, तो बहुतेक वायव्येकडून. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला निघालात हे फार बरं केलंत, दुपारभर तो पाठीवर राहील. उलट दिशेने येणारे सायकलवाले मला सड्यावर भेटतात, डोकं हँडलवर टेकवून चाललेले असतात बिचारे.

दाभोळला धक्क्याजवळ आदिलशाही काळातली मशीद आहे, तिच्यापाशी थांबा, पाणी भरून घ्या आणि मग फेरीबोटीत चढा. वाशिष्ठीची खाडी ओलांडणारी ही दाभोळ-धोपावे बोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्याला दापोलीहून गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा पडायचा. आम्ही मात्र लाँचमध्ये सायकल आडवी टाकून जायचो. आमच्याकडे या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात, विचारताना तोच शब्द वापरा, पटकन कळेल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बोटीची जी लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, तिच्यावरून सायकल चालवत कधीही जाऊ नका. फळीला आडव्या पट्ट्या असतात. त्या चाकांनी घासून चकचकीत झालेल्या असतात, आणि भरतीचं पाणी त्यांच्यामध्ये साचून हिरवा बुळबुळीत थर धरतो. त्याच्या पुढचा धक्क्याचा उतारही तसाच. अरुंद टायर तिथे कसा सरकतो हे मी दोनदा पाहिलंय. उतरून, सायकल उजव्या बाजूला धरून, गाड्या गेल्यावर शेवटी चाला.

धोपाव्याला पाय ठेवल्या ठेवल्या घाटी आहे. बोटीत बसून पाय थंड झालेले असतात, म्हणून पहिली पाच मिनिटं अगदी हलक्या गिअरवर काढा.

दुसऱ्या दिवशी गुहागर ते तवसाळ हा माझा सगळ्यात आवडता रस्ता. पालशेतच्या पुढे सड्यावर गेलात की अर्धा-अर्धा तास गाडी भेटत नाही. एखादी वस्तीची एसटी, एखादा पाण्याचा हंडा घेतलेला स्कूटरवाला, एवढंच. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यापलीकडे आंब्याची कलमं. डिसेंबरात मोहर आला असेल तर वास रस्त्यावर उतरतो, आणि चढताना धाप लागलेली असते तेव्हा तो छातीत भरतो. मला अजूनही त्या वासाने वेळणेश्वरची घाटी आठवते. हेदवीला दशभुजा गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, तिथेही चढच.

तवसाळहून बोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. इथे मात्र सावध. बंदरामुळे जयगडहून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रक असतात, तो रस्ता धरू नका. किनाऱ्याने वरवड्याच्या खाडीवरून मालगुंडला या. केशवसुतांचं जन्मघर तिथे जपून ठेवलंय, सायकल गडग्याला टेकवा आणि आत जाऊन या. मुक्काम मालगुंडला किंवा गणपतीपुळ्याला. तिसऱ्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी जेमतेम २५ किलोमीटर, न्याहारीनंतर निघालात तरी जेवायला पोचाल.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात दापोली, गुहागर, पुळे सगळं पर्यटकांच्या गाड्यांनी भरतं आणि तुम्हाला हवी असलेली शांतता मिळणार नाही.

प्रश्न : बाई, उतारावर ब्रेक जळल्याचा वास येतो. सायकल जुनी आहे, रिमला पकडणारे ब्रेक आहेत. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

वास येतो म्हणजे तुम्ही ब्रेक धरून ठेवता. असं करू नका. सरळ पट्ट्यात सोडा, वळणाआधी जोरात दाबा, पुन्हा सोडा. पुढचा आणि मागचा आलटून पालटून. लांब उतार असेल तर मध्ये थांबून रिम गार होऊ द्या. बोट लावून पाहू नका, चटका बसतो.

आणि ब्रेकचं रबर कुठे टेकतं ते स्वतः वाकून बघा. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका दुकानात नवीन रबरं बसवून घेतली. घाईत मी पाहिलं नाही. एक रबर दोन मिलिमीटर वर बसवलेलं होतं, म्हणजे रिमऐवजी टायरच्या कडेला घासत होतं. कोळथऱ्याच्या उतारावर टायर फुटला. मी रस्त्याच्या कडेच्या खडीत पडले, कोपर सोलून निघालं. नंतर टायर हातात घेऊन पाहिला, तर कडेला नखाएवढी चीर, तिच्यातून पांढरे धागे बाहेर आलेले, आणि रिमवर काळी पूड. वरच्या घरातली वहिनी कळशीभर पाणी आणि हळद घेऊन गडग्यावरून उतरून आली, तिने जखम धुतली आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुकानदाराला मी नंतर दाखवलं, त्याने चूक मान्य केली. पण उतारावर मीच होते. म्हणून सांगते, दुकानातून सायकल आणल्यावर ती उभी करून, ब्रेक दाबून, चारही रबरं डोळ्यांनी बघायची.

प्रश्न : पावसाळ्यात सड्यावर सायकल चालवावी का? (एक विद्यार्थिनी, राजापूर)

जून-जुलैमध्ये नको. ओढ्यावरच्या साकवावरून पाणी जातं, रस्त्यावर तांबडी माती वाहून येते आणि झाडाखालच्या डांबरावर शेवाळ धरतं. गणपतीनंतर, पाऊस उघडला की जरूर जा. तेव्हा सड्यावर सीतेची आसवं या निळ्या फुलांचे पट्टे असतात, गेंदाचे पांढरे ठिपके, तेरडा. तुझ्या राजापूरच्या आसपास असे सडे खूप आहेत. कातळावर मात्र सायकल घालू नकोस, ती फुलं बोटभर मातीत जगतात, आणि त्याच कातळांवर जुनी खोदचित्रंही आहेत. सायकल रस्त्यावर ठेव आणि चालत जा, तेही मोकळा दगड बघून. आईला निघण्याची आणि पोचण्याची वेळ सांगून जा, सड्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

प्रश्न : कोकणातून वर कोल्हापूरकडे जायला शांत घाट कोणता? (एक वाचक, कुडाळ)

आंबा घाट आणि कुंभार्ली घाट दोन्ही वर्दळीचे. तुम्ही कुडाळकडचे, तर करूळपेक्षा भुईबावड्याने गगनबावड्याला जा. तो अरुंद आहे, पण रहदारी कमी. पावसात दोन्हीकडे दरडी येतात, तेव्हा आधी चौकशी करा.

मला स्वतःला अणुस्कुरा आवडतो. ओणीला हायवे सोडायचा, रायपाटण, पाचल करत घाटाच्या पायथ्याला यायचं. पाचलला पोटभर खाऊन घ्या, वर लगेच काही मिळत नाही. पहाटे निघालात तर सह्याद्रीचीच सावली घाटावर असते आणि चढ उन्हाआधी संपतो.

प्रश्न : वाटेत पंक्चर झालं तर गावात ट्यूब मिळते का? (एक वाचक, डोंबिवली)

तुमच्या रोड सायकलच्या ७०० मापाची नाही मिळत. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप जवळ ठेवा. शिवाय बारीक वॉल्व्हवर बसणारा पितळेचा अडॅप्टर घ्या, तो लावला की स्कूटरचं पंक्चर काढणारा कुणीही हवा भरून देतो.