ओला टॉवेल आणि ‘पाणी टाकू नये’

प्रश्न : सर, माझा मुलगा कळमन्याजवळच्या मिरचीच्या कोल्ड स्टोरेजात मशीन रूमवर लागला आहे. तिथं गारव्यासाठी नळ्यांतून अमोनिया फिरवतात. सांगतात, तो गळला तर टॉवेल ओला करून नाकातोंडावर धरा. अन् भिंतीवर लिहिलंय, ‘सांडलेल्या अमोनियावर पाणी टाकू नये.’ मग खरं काय? दुसरं, घरच्या एसीत तांब्याची नळी असते, तिथं सगळं लोखंडाचंच काऊन? – एक वाचक, पारडी

उत्तर : दोन्ही सूचना खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच : अमोनियाची पाण्याकडे असलेली ओढ. 20 अंशांना एक लिटर पाणी साधारण 700 लिटर अमोनिया वायू पोटात घेतं. शाळेत मी दरवर्षी कारंज्याचा प्रयोग करून दाखवायचो. अमोनियानं भरलेल्या उलट्या चंबूत पाण्याचे दोन थेंब सोडले, की वायू त्यांत विरतो, आत पोकळी होते आणि खालच्या भांड्यातलं पाणी नळीतून उसळतं. त्यात फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) घातलं असलं तर कारंजं गुलाबी.

गुलाबी का, तर अमोनियाचे काही रेणू पाण्याकडून एक प्रोटॉन काढून घेतात, स्वतः अमोनियम होतात आणि मागे हायड्रॉक्साइड उरतं. तोच अल्कलीपणा. पण पातळ द्रावणातही असं शंभरातल्या एखाद्याच रेणूचं होतं. बाकीचे पाण्यात नुसते बसलेले असतात, केव्हाही उठून जायला मोकळे. (बाटलीवर ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ छापतात, तसा रेणू बाटलीत शोधून सापडायचा नाही.)

हे उठून जाणं मी तोंडावर घेतलंय. मे महिना, बाहेर 45 अंश, आणि मी शहाणा तीव्र अमोनियाची बाटली बर्फात न ठेवताच बूच फिरवायला गेलो. फस्सकन वाफ आली. शिपायानं मानगूट धरून मला नळाखाली वाकवलं, पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. डोळे वाचले ते त्याच्यामुळे. अमोनिया ओल शोधतो, आणि माणसाच्या अंगावर ती डोळ्यांत, नाकात, घशात असते. तिथं विरघळून तो भाजतो. ओला टॉवेल त्याला आधीच अडवतो. पण थोडाच वेळ, बाहेर पडण्यापुरता. टॉवेल बांधून व्हॉल्व्ह बंद करायला जायचं नाही, हे मुलाला बजावून सांगा. वारा जिकडे वाहतो तिकडे पळू नये, वाऱ्याच्या दिशेला आडवं निघावं.

आता ती पाटी. द्रवरूप अमोनिया उणे 33 अंशांनाच उकळतो. जमिनीवर सांडला की उडता उडता स्वतःला आणखी गार करतो आणि त्याचं उडणं मंदावतं. त्यावर बादली ओतली तर पाण्याची ऊब त्याला मिळते, शिवाय पाण्यात विरघळतानाही उष्णता सुटते. थारोळं एकदम खवळतं आणि खोली वाफेनं भरते. म्हणून पाणी मारायचंच तर हवेतल्या ढगावर, बारीक फवाऱ्यानं, तेही तालीम झालेल्या माणसांनी.

तांब्याचं उत्तर सोपं आहे. ओलसर अमोनिया हवेच्या संगतीनं तांबं-पितळ खातो, लोखंडाला तसा त्रास देत नाही. मुलाच्या चावीला पितळी छल्ला असेल तर काही महिन्यांनी त्याचा रंग बघा.