ओन्सेनला पहिल्यांदा जाताना

अरे, घाबरू नकोस. ओन्सेन म्हणजे जपानमधलं गरम झऱ्याच्या पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह. तिथे सगळेच उघडे असतात, तुझ्याकडे कुणी बघत बसत नाही. तूही बघू नकोस. ओळखी वाढवायला तोक्योत शिंजुकू नि-चोमे हा गे बारचा भाग आहे, ओन्सेन नव्हे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग घास, फेस पूर्ण धुऊन टाक, मगच कुंडात उतर. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पाणी बहुतेक ४०-४२ अंश असतं, पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरे. टॅटू असेल तर आधी विचार, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

जोडीने जाणार असाल तर काशिकिरी, म्हणजे ठरावीक वेळेसाठी मिळणारं खासगी कुंड घ्या. ओन्सेनसाठी प्रसिद्ध असलेल्या बेप्पू शहरात आम्ही घेतलं होतं. दार आतून बंद, सगळीकडे वाफ, गंधकाचा वास, आणि त्याचा हात माझ्या हातात. इतकं निवांत आम्ही कधीच बसलो नव्हतो.